सोनाजी विरुद्ध सोनाजीचा डावा गाल

शरीरातल्या प्रत्येक पेशीने नेमून दिलेले काम करावे, शेजारणीला जागा सोडावी आणि मुदत संपली की निमूटपणे मरावे, अशी निसर्गाची सेवाशर्त आहे. बहुसंख्य पेशी ती पाळतात. (माणसांच्या कोणत्याही खात्यात इतकी शिस्त आढळलेली नाही.) काही पेशी मात्र पाळत नाहीत, आणि अशाच काही साखरा गावच्या सोनाजीच्या डाव्या गालात राहत होत्या.

सोनाजी मेंढरे राखायचा. तंबाखू डाव्या गालात धरायचा, कारण उजवा गाल हाका मारायला मोकळा लागे. २००३ साली गावात आरोग्य शिबिर भरले. डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून त्याच्या गालातला पांढरा, खरखरीत चट्टा पाहिला आणि एक चिठ्ठी लिहून दिली. घरी लेक शिवकन्येने ती मोठ्याने वाचली : "गालातील पेशींचे वर्तन संशयास्पद. मंगळवारी हिंगोलीस हजर राहावे."

बांधाच्या भांडणापायी सोनाजीने अकरा वर्षे कोर्टाच्या पेश्या, म्हणजे तारखा, केल्या होत्या. पेशी म्हणजे काय, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती.

"आता गालाचीबी पेशी लागली! म्या कुनाचं काय केलतं?"

"अवं, दवाखान्याची चिठ्ठी हाय ती," बायको सुभद्राबाई म्हणाली.

"दवाखाना 'हजर राहावे' म्हनतो व्हय? ही कोर्टाची बोली हाय."

मंगळवारी तो धुतलेले धोतर नेसून हिंगोलीच्या एका कचेरीत हजर झाला. (कोणत्या, हे सांगणे शिष्टाचारास धरून नाही.) तिथे धर्मसिंग नावाचा कारकून होता. चांगला कारकून समोर आलेला कागद चुकीचा आहे असे कधीच म्हणत नाही. तो अपुरा आहे, एवढेच म्हणतो.

"पेशी कुनाची?"

"माझीच, साहेब."

"विरुद्ध कोन?"

सोनाजीने बराच विचार केला. "गाल म्हना. डावा."

धर्मसिंगने तसे लिहिले. चिठ्ठीच्या मागे जनतेसाठी छापील माहिती होती, ती त्याने कलमे वाचावीत तशी वाचली. कर्करोगात पेशी घरचीच असते. पण ती 'थांब' म्हटलेले ऐकत नाही, मरायचे नाकारते, आपल्यासारख्याच पेशी वाढवते, शेजारच्या जागेत घुसते आणि स्वतःसाठी नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. विषाणू मात्र बाहेरून येतो, पेशीत शिरतो आणि तिचीच यंत्रणा वापरून स्वतःच्या नकला काढून घेतो.

"पहिला प्रकार म्हंजे अतिक्रमण, वर विनापरवाना नळजोडनी," धर्मसिंग म्हणाला. "दुसरा म्हंजे घुसखोरी, आन सरकारी यंत्रावर खासगी नकला." दुसऱ्या प्रकारावर तो फार रेंगाळला नाही. पाठीमागच्या झेरॉक्स यंत्रावर त्याच्याच मेव्हण्याच्या लग्नपत्रिकेच्या नकला निघत होत्या.

सोनाजीच्या घरी बाहेरचे कुणी आलेले नसल्यामुळे पहिला प्रकार निश्चित झाला. पेशींना नोटीस निघाली : पंधरा दिवसांत वाढ थांबवावी, अन्यथा लेखी खुलासा करावा. पक्षकार नोटीस घेत नसेल तर ती त्याच्या राहत्या जागेवर डकवावी, असा नियम आहे. पेशींनी घेतली नाही. म्हणून खळ लावून ती सोनाजीच्या डाव्या गालावर डकवण्यात आली, आणि शिपायाने दोन साक्षीदारांसमोर पंचनामा केला.

नोटीस घेऊन सोनाजी एसटीने घरी आला. वाटेत तिघांनी त्याला बसायला जागा दिली. आपल्या गालाची सरकारने दखल घेतली, या समाधानात तो चौदा दिवस राहिला. चट्टाही वाढत राहिला.

पंधराव्या दिवशी त्याला भाकरी चावता येईना. सुभद्राबाईने ताटली बाजूला सारली.

"मेंढीला गाठ आली तर तुमी तिला नोटीस डकवता?"

"न्हाई."

"मंग सोताला काहून डकवून घेतली?"

इतके दिवस प्रकरण कचेरीत होते. आता पहिल्यांदाच ते आपल्या तोंडात आहे, असे सोनाजीला वाटले. सुभद्राबाईने मेंढरे शेजाऱ्याकडे सोपवली, गरम पाण्याने नोटीस सोडवली आणि त्याला दवाखान्यात नेले. डॉक्टरांनी तुकडा काढून तपासला. रोगाची सुरुवातच होती. तेवढा भाग कापून काढला, टाके घातले. सोनाजी वाचला. तंबाखू सुटली. हाक थोडी वाकडी निघते, पण मेंढरांनी तक्रार केलेली नाही.

कचेरीतले प्रकरण अजून चालू आहे. प्रतिवादीचा काही भाग मयत झाल्यामुळे त्याचे वारस कोण, यावर धर्मसिंगने मार्गदर्शन मागवले आहे.

ही हकिकत ऐकून शिकलेली माणसे पोट धरून हसतात, आणि ते रास्तच आहे. पेशी कशाला म्हणतात हे त्यांना पक्के ठाऊक असते. सोनाजीला ते ठाऊक नव्हते. तो बापडा चुकीच्या दारात का होईना, पण दिलेल्या दिवशी हजर झाला.

तुम्हाला डॉक्टरांनी दिलेली तारीख उलटून किती महिने झाले?