धक्क्यावरचा फोटो

व्हर्लिनच्या सासूबाईंच्या तळ्याकाठच्या घरात एक अख्खी भिंत कुटुंबाच्या फोटोंची होती. दर उन्हाळ्यात नायगार्ड मंडळी मिनेसोटात जमत, तरंगत्या लाकडी धक्क्यावर उभी राहत आणि व्हर्लिन फोटो काढी. त्यामुळे लग्नाला इतकी वर्षं होऊनही त्या भिंतीवर हा जावई औषधालाही नव्हता. यंदा टायमर लावून भिंतीवर चढायचंच, असा त्याने चंग बांधला होता.

एवढ्यावर भागलं असतं. पण व्हर्लिन पडला गावच्या कॅमेरा क्लबाचा सभासद, आणि मुख्य माणसाला मधोमध उभं करणं हे त्या क्लबात पाप. त्याने सासूबाईंना, म्हणजे आर्डिसबाईंना, हाताला धरून डावीकडे नेलं.

"वाढदिवस माझा आणि मीच कडेला?"

"आई, माणसाची नजर आधी तिथेच जाते."

"नव्वदीत माझ्याकडे नजर कोण टाकतंय बाबा?"

डावी बाजू तरीही हलकी वाटली, म्हणून व्हर्लिनने धिप्पाड मेहुण्याला, एइनारला, तिकडे धाडलं. धक्का डावीकडे कलला. माणसं तिरपी दिसू लागली, म्हणून त्याने कॅमेरा तिरपा केला. तर तळंच तिरपं झालं. उन्हात बटाट्याचं सॅलड आंबायला लागलंय, असं बायकोने दोनदा बजावलं.

"दाजी, उरका आता," एइनार म्हणाला, "नाहीतर मी जेवायला निघालो."

मग उजव्या टोकाला स्वतः उभं राहायचं, म्हणजे धक्काही सरळ होईल आणि फोटोही, असा हिशेब करून व्हर्लिनने टायमर लावला आणि धूम ठोकली. उजवं टोक वर उचललेलं होतं आणि शेवाळलेलंही. तो थेट पाण्यात गेला, सगळे तिकडे वळून खो-खो हसले आणि नेमका तेव्हाच कॅमेरा वाजला.

महिन्याभराने तो फोटो भिंतीवर लागला. एरवी दात न दाखवणारं हे घराणं त्यात मनमोकळं हसत होतं. व्हर्लिन मात्र दिसेना.

"उजवीकडे नुसतं पाणी उडालं होतं," आर्डिसबाई म्हणाल्या. "चौकटीत मावेना, मग कातरीने छाटलं."

"आई, त्या पाण्यात मी होतो."

त्यांनी चष्मा लावून फोटो नीट न्याहाळला.

"मग सगळे बघतायत ते तुझ्याकडेच की. आणखी काय पाहिजे तुला?"

व्हर्लिनला फार वाईट वाटलं. पण छाटल्यामुळे फोटो जास्त चांगला जमला होता, हे क्लबाचा सभासद म्हणून त्याला कबूल करावंच लागलं.