रेघेपर्यंत साखर

आमच्या वडवणीत शिवलिंगअप्पांच्या घरी जो कोणी एकदा चहाला जाई, तो दुसऱ्यांदा जात नसे. चहा वाईट असे म्हणून नव्हे. चहा उकळत असताना अप्पा साखरेच्या बरणीसमोर उकिडवे बसत, एक डोळा मिटत, दुसरा डोळा बरणीवरच्या लाल रेघांना लावत आणि मोठ्यानं वाचत, "साखर, सतरा तारीख." मग पाहुण्याकडे बघत. त्या दिवशी चौदा तारीख असली तर पाहुण्याचा घोट घशातच अडके.

अप्पा पाटबंधारे खात्यात होते. नोकरीभर त्यांनी एकच काम केलं. तलावातल्या मोजपट्टीवर पाण्याची पातळी वाचायची, वहीत लिहायची आणि पाणी जूनपर्यंत पुरेल की नाही ते साहेबाला सांगायचं. आमच्या भागात ते बहुधा पुरत नाही. उतरणारं पाणी रोज बघून बघून माणसाच्या डोक्यात काय होत असेल ते मला ठाऊक नाही, पण अप्पांनी घरी एकसारख्या पारदर्शक बरण्या आणल्या आणि प्रत्येकीवर रंगानं रेघा ओढल्या. सगळ्यात वर एक तारीख, तळाशी एकतीस. महिन्याच्या पहिल्या दिवशी किराणा भरायचा आणि मग रोज एक रेघ खाली उतरायचं. माल आजच्या रेघेच्या खाली गेला की घरात टंचाई जाहीर. हा शब्दही त्यांचाच. चहापत्तीची टंचाई असली की चहा एक वेळ. तेलाची असली की फोडणी बंद. "पातळी सांभाळा," हे ते येताजाता कुणालाही सांगत. भाजी घेणाऱ्या बाईला, लग्न ठरलेल्या मुलाला, आणि एकदा दवाखान्यात सलाईन लावलेल्या माणसाला.

मी नागनाथ. वडवणीच्या बाजारपेठेत माझं किराणा दुकान आहे. वय त्र्याहत्तर. अप्पांची थट्टा गावानं माझ्या दुकानाच्या कट्ट्यावर बसून केली आणि त्यांची नक्कल सगळ्यात चांगली मीच करायचो. म्हणून हे लिहिणं माझ्याकडेच लागतं.

त्यांचा मेहुणा धर्मापुरीहून दोन दिवसांसाठी आला होता, तो किस्सा मी शंभरदा तरी सांगितला असेल. मेहुण्यानं पहिल्या संध्याकाळी चहात तीन चमचे साखर घातली. अप्पा काही बोलले नाहीत. सकाळी मेहुण्यानं डोळे उघडले तर उशाशी साखरेची बरणी ठेवलेली. त्यानं सातची बस पकडली. पुढं बहिणीची ख्यालीखुशाली तो फोनवरच विचारायचा.

एक तारखेला अप्पा दुकानात येत. यादी जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर लिहिलेली असे, खाली रक्कम आधीच टाकलेली, आणि खिशात अर्ध्या किलोचं लोखंडी वजन. माझा काटा इलेक्ट्रॉनिक. त्यावर आधी ते वजन ठेवून आकडा पाचशेचा येतो का बघायचे आणि मगच डाळ टाकू द्यायचे. मी काट्यात कधी खोट केली नाही, तरी ते समोर उभे असले की आपण केली आहे असंच वाटायचं. भाव वाढले तरी रक्कम वाढत नसे. यादीतलं काहीतरी जाई. तेल महागलं त्या वर्षी जिरं, बडीशेप आणि अंगाचा साबण असे तिघं गेले. वर्षभर अप्पांच्या अंगाला धुवायच्या साबणाचा वास येत होता. मी म्हटलं, अप्पा, निवृत्तिवेतन येतं, मुलगा पुण्याला कमावतो, कशाला एवढं? तर म्हणाले, "तलाव भरल्याला असतो ना, तवाच भ्यायचं असतं. तळ दिसल्यावर भिऊन काय उपयोग बे?"

आणि दर महिन्याच्या शेवटी येऊन सांगायचे, "नागनाथ, साखर बरोबर दोन चमचे उरली. ह्याला म्हणायचं नियोजन." मी मान हलवायचो. ते दोन चमचे कुठून आले ते मला माहीत असायचं.

अप्पांची बायको काशीअक्का. ठेंगणी, गोरी, सारखी इकडेतिकडे बघत चालणारी. वीसेक वर्षांपूर्वी एका दुपारी ती पदराआड काहीतरी घेऊन दुकानात आली. आत कुणी नाही हे बघून तिनं पदर काढला तर साखरेची बरणी. गल्लीतल्या दोन बाया येऊन गेल्या होत्या, चहा केला होता, आणि साखर रेघेखाली गेली होती. अप्पा साडेतीनला झोपून उठणार होते. तिनं बरणी गल्ल्यावर ठेवून माझ्याकडे सरकवली.

"भाऊ, रेघेपर्यंत साखर घाला," ती म्हणाली. "आज अठरा हाय. अठराच्या वर नका जाऊ, वर गेली तर बी समजंल त्यांना."

मी घातली. दाणा दाणा करून अठराच्या रेघेला लावली. त्यानंतर महिन्यातून चार-पाच वेळा ती यायची, दोन ते साडेतीनच्या मध्ये. कधी साखर, कधी चहापत्ती, कधी तूरडाळ, तेलाची बरणीसुद्धा. मला तारीख विचारावी लागायची नाही, मीच सवयीनं रेघ बघायचो. ती पैसे द्यायची नाही, तिच्याकडे ते नसायचेच. उन्हाळ्यात ती आमच्या घरी मागच्या दारानं येऊन माझ्या बायकोबरोबर पापड लाटायची, कुरडया घालायची आणि त्यात तिच्या वर्षाच्या सामानाची फेड व्हायची. ते पापड माझ्या दुकानात विकायला असत. अप्पांनी एकदा चव घेतली आणि पावशेर पापड यादीत कायमचे आले. "घरी असे होत न्हाईत," ते मला म्हणाले. अक्का त्यांना तेच पापड भाजून वाढायची.

पहिल्याच दिवशी तिनं मला वैजनाथाची शपथ घातली होती. मी ती पाळली. शपथ पाळली हे सांगायला बरं वाटतं, पण खरं सांगतो, शपथेपेक्षा मला अप्पांची भीती जास्त होती. दुसऱ्याच्या बायकोला वीस वर्षं चोरून सामान देणारा दुकानदार, हे बाजारपेठेत फुटलं तर लोक साखरेपाशी थांबले नसते.

गेल्या वर्षी पोळ्याच्या आधी काशीअक्का चार दिवसांच्या तापानं गेली.

पुढच्या एक तारखेला अप्पा दुकानात आले. यादी तीच, प्रत्येक आकडा बरोबर निम्मा. दीड किलोला पाऊण, अर्ध्याला पाव. साबणाची वडीसुद्धा मला दोऱ्यानं कापून अर्धी द्यायला लावली. कट्ट्यावरचे लोक त्या साबणावर आठवडाभर हसले. मीही हसलो. दुकान बंद केल्यावर मात्र एक गोष्ट ध्यानात आली. दोघांना लागायचं ते यादीतलं अधिक माझ्या दुकानातून पदराआड गेलेलं. अप्पांनी निम्मं केलं होतं ते फक्त यादीतलं.

त्यांना पुरणार नव्हतं. ते मला माहीत होतं आणि त्यांना माहीत नव्हतं.

दिवाळीपर्यंत अप्पांच्या सदऱ्याची कॉलर मानेपासून सुटली. चालताना ते भिंतीला हात लावायला लागले. म्हातारा चिकटपणापायी मरतो आता, असं कट्ट्यावर कुणीतरी म्हणालं. मग एका दुपारी, महिन्याच्या मध्यात, ते दुकानात आले. मध्यात ते कधीच आले नव्हते. हातात यादी नव्हती. स्टुलावर बसले आणि पोत्यांकडे बघत राहिले. वजनाचा काहीतरी घोटाळा सापडला असं वाटून मी काटा पुसायला घेतला.

"नागनाथ, अर्धं पुरंना," ते म्हणाले. "तीन महिने झाले. वीस तारखेला तळ दिसतो."

मी म्हटलं, मग थोडं वाढवू या.

"वाढवायचा सवाल न्हाई. हिशोब बघ. दोघांना जे पुरायचं, त्याच्या अर्ध्यात माझं एकट्याचं भागत न्हाई. म्हंजी मी अर्ध्याहून जास्त खात हुतो. मग तिच्या वाट्याला काय ऱ्हात हुतं?"

मी गल्ल्यातली नाणी लावायला लागलो.

"मी काढलंय ते. तिच्या वाट्याला जेवढं येत हुतं, तेवढंच आता खातो. एक वेळचं हाय ते, तेबी पोटभर न्हाई." मग आवाज एकदम खाली आला. "लई भूक लागती रे. तिनं इतकी वर्षं कसं काढलं आसंल?"

त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. मी काय केलं? बिस्किटाचा पुडा पुढं केला. त्यांनी तो उचलून बरणीत परत ठेवला आणि भिंतीला हात लावत निघून गेले. शपथ मेलेल्या माणसाची असते, ती मोडू नये, असं मी स्वतःला सांगितलं. अप्पा बाजारात ओरडतील, मुलाला पुण्याहून बोलावतील, पोलिसात जातील असंही सांगितलं. त्यानंतर चार महिने मी अप्पांना यादीच्या निम्म्याहूनही कमी माल मोजून देत होतो आणि दर महिन्याला ती पिशवी उचलायला त्यांना जास्त वेळ लागत होता. एक तारीख जवळ आली की मला जेवण जाईना.

शिमग्याच्या आधी अप्पा पिठाच्या गिरणीत रांगेत उभे असताना खाली पडले. दवाखान्यात दोन बाटल्या सलाईन लावलं. डॉक्टर म्हणाले, आजार काही नाही, पोटात अन्न नाही.

मी घरी आलो तेव्हा माझी बायको चुलीपुढून उठली नाही. भाकरी थापता थापता म्हणाली, "तुमी सांगताव का मी सांगू?" दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पिठलं, भाकरी आणि ठेचा डब्यात भरून माझ्या हातात दिलं.

तो डबा घेऊन मी अप्पांच्या घरी गेलो. ते बाजेवर पडून होते. मी उंबऱ्याजवळच बसलो, पळता यावं म्हणून. आणि सगळं सांगितलं. पहिली दुपार, अठराची रेघ, पापड, मागचं दार. सांगताना एकदाही त्यांच्याकडे बघितलं नाही. 

"किती वर्सं?" अप्पांनी विचारलं.

"वीस. थोडी जास्तच."

"म्हंजी ती उपाशी न्हवती."

"न्हवती, अप्पा. आमच्याकडं पापड लाटायला यायची तवा जेवून जायची. दोन दोन भाकरी. खाताना लई हसायची."

"कशाला हसायची?"

आता मागं फिरायला जागा नव्हती. मी म्हटलं, "तुमाला. एक डोळा मिटून पातळी वाचून दाखवायची. आमच्या मंडळीला हसून हसून ठसका लागायचा."

मला वाटलं आता काहीतरी अंगावर येणार. मी चपलेत पाय घातला. अप्पा उठून बसले होते. त्यांच्या तोंडावर राग शोधला, तो नव्हता. मोठ्यांच्या बोलण्यातलं काही कळलं नाही की लहान मूल बघतं, तसे ते माझ्याकडे बघत होते.

"मला कावून न्हाई सांगितलं?"

"भ्यायची."

"माझ्या बापाला भ्यायची, ते ठाऊक हाय. लग्नानंतर दुष्काळ पडला, त्या वर्षी घरात काय न्हवतं. बाप तिच्या नावानं ओरडायचा, आन ती रिकामं गाडगं घिऊन दारात उभी ऱ्हायची. तवा मी ठरवलं, हिच्या हातात रिकामं भांडं परत येऊ द्यायचं न्हाई." त्यांनी बरण्यांकडे बघितलं. "मला भ्यायची?"

मी हो म्हटलं. खोटं बोलायला आलो नव्हतो.

त्यांनी डबा पुढं ओढला. पहिली भाकरी पाण्याच्या घोटाघोटानं खाल्ली. दुसरीला हात घातला तेव्हा म्हणाले, "तू जा आता." मी गेलो.

त्या दिवसापासून अप्पा माझ्याशी बोलत नाहीत. किराणा समोरच्या दुकानातून नेतात, तेही मला दिसेल असं. ते बरोबरच आहे. वीस वर्षांची चोरी त्यांनी माफ केली असती, पण ते चार महिने कुणी का माफ करावेत? लोक विचारतात, अप्पा तुमच्यावर का रुसले. मी आजवर काहीबाही सांगत आलो. आता हे लिहिलंय, ज्याला हवं त्यानं वाचावं.

पण रोज दुपारी तीनला ते आमच्या घरी येतात, मागच्या दारानं. माझी बायको पाट देते, ताट वाढते. जेवता जेवता ते विचारतात, ती कुठं बसायची, पापड कुठल्या हातानं लाटायची, नक्कल करताना कुठला डोळा मिटायची. बायकोचा स्वभाव तापट आहे, एक गोष्ट दोनदा सांगायची तिला चीड. काल त्यांनी डोळ्याचं तिसऱ्यांदा विचारलं. मी आतल्या खोलीत दाराआड उभा होतो. वाटलं, आता ही भडकणार. ती म्हणाली, "डावा, अप्पा. तुमच्यावानीच." आणि त्यांच्या ताटात आणखी एक भाकरी ठेवून पहिल्यापासून सांगायला लागली.