अहो, वळलो

"बाबा, रविवारपर्यंत मागचे दिवे तरी बदला, नाहीतर गाडी तरी काढून टाका. तिसरं काही नाही," घड्याळकाकांच्या मुलीने स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून निकाल दिला. ती शाळेत मुख्याध्यापिका होती, त्यामुळे घरातही कुणाला मुदतवाढ मिळत नसे.

कारण सकाळीच घडलं होतं. पावाची व्हॅन काकांच्या गाडीमागे वीतभर अंतरावर करकचून थांबली होती आणि ड्रायव्हरने खाली उतरून विचारलं होतं, "काका, मागे दिवे लावलेत की निखारे ठेवलेत?" काकांनी ही हकिगत घरी येऊन हसतहसत सांगितली. तीच त्यांची चूक झाली.

गाडी दोन दारांची, दोनच माणसांची, जमिनीला पोट लावून धावणारी लाल स्पोर्ट्‌सकार. काकांनी ती लग्नाच्या दुसऱ्या वर्षी जुनीच घेतली होती, म्हणजे आता ती किती जुनी हे विचारण्यात अर्थ नव्हता. घड्याळदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या माणसाने अशी गाडी घ्यावी का, यावर नातेवाइकांनी बरीच वर्षं चर्चा केली. मुलगी झाली तेव्हा सगळ्यांना वाटलं, आता तरी गाडी जाईल. काकूंनी मुलीला मांडीवर घेतलं आणि गाडी राहिली. काकू मात्र सात महिन्यांपूर्वी गेल्या. तेव्हापासून काका रोज सकाळी बाजूची रिकामी सीट फडक्याने पुसत आणि काही काम नसताना एक चक्कर मारून येत. त्यामुळे गाडी काढायची म्हणजे काय काढायचं, हे त्यांना नीट माहीत होतं.

"बदलतो," काका म्हणाले. "त्यात काय मोठंसं? मुंगीला दिसणार नाहीत असले स्क्रू मी चाळीस वर्षं फिरवलेत."

ते गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात गेले. मागचे सगळे बल्ब काढून एलईडी टाकायचे, इंडिकेटरचेसुद्धा. दुकानदार म्हणाला, "काका, लाल काचेच्या आत लालच एलईडी घ्या." काकांना हा अडाणीपणा वाटला. आत पांढरा लख्ख दिवा, वर लाल काच, म्हणजे बाहेर लख्ख लाल. साधा हिशोब! ते पांढरेच घेऊन आले, डोळ्याला भिंग लावून बसवले आणि मुलीला अंगणात बोलावलं.

"बाबा, गुलाबी दिसतंय."

"लाल आहे."

"गुलाबी आहे. आइस्क्रीमची गाडी समजून पोरं मागे धावतील."

काकांनी भिंग काढून पाहिलं, परत लावून पाहिलं. गुलाबीच होतं. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा दुकानात गेले, तेव्हा दुकानदाराने काही न बोलता लाल एलईडीचा डबा पुढे सरकवला. न बोलण्यामुळेच काकांना ते जास्त लागलं.

लाल दिवे बसले. ब्रेक दाबल्यावर मागची भिंत अशी उजळली की शेजारच्यांचं मांजर उठून गेलं. काका खूश झाले. मग त्यांनी इंडिकेटर लावला आणि त्यांचा चेहरा उतरला.

टिकटिकटिकटिकटिकटिक.

त्या गाडीच्या इंडिकेटरला एक चाल होती. मिनिटाला बरोबर ऐंशी ठोके. घड्याळजीच्या कानाने काकांनी ते पहिल्याच दिवशी मोजले होते. आता तोच आवाज दीडशेच्या वर धावत होता. आणि नेमकी हीच चाल काकांनी पूर्वी एकदा ऐकली होती. ऐकली म्हणजे बोटांनी. शेवटच्या आठवड्यात काकूंचं मनगट धरून, समोर घड्याळ ठेवून, ते रात्रंदिवस मोजत बसले होते. डॉक्टर म्हणाले होते, काका, मशीन आहे मोजायला. तरी ते मोजत होते. काकांनी इंडिकेटर बंद केला.

मग ते गेले फ्यूजकडे. फ्यूज म्हणजे गाड्यांच्या वायरिंगची कामं करणारा जाडजूड इलेक्ट्रिशियन. त्याचं हे नाव पडलं, कारण तो एकदा उडाला की त्या दिवशी पुन्हा कामाला लागत नसे. आज सुदैवाने शाबूत होता.

"घड्याळकाका, हे सगळ्यांचंच होतं," तो डॅशबोर्डखाली डोकं घालून म्हणाला. "नवे दिवे करंट कमी खातात, त्यामुळे दिवा लुकलुकवणारा जुना रिले बिथरतो. नवीन इलेक्ट्रॉनिक रिले टाकतो. पाच मिनिटांचं काम."

खरंच पाच मिनिटं लागली. मागचे दिवे आता शहाण्यासारखे संथ लुकलुकत होते. पण गाडीत काहीच ऐकू येत नव्हतं.

"आवाज?" काकांनी विचारलं.

"आवाज गेला! एकदम शांत," फ्यूज अभिमानाने म्हणाला.

काका "बरं" म्हणाले. दुसरं काय म्हणणार? माणूस काम चांगलं करून अभिमानाने उभा असताना त्याला कसं सांगायचं की मला तो वेडावाकडा आवाजसुद्धा चालला असता, पण ही शांतता नको.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. वळण घेऊन झालं की इंडिकेटर आपोआप बंद होतो, तशी सोय या गाडीतही होती. ती लग्नाच्या चौथ्या वर्षी मोडली. स्टिअरिंगच्या आतला प्लास्टिकचा इवलासा तुकडा. गावभरची घड्याळं दुरुस्त करणाऱ्या काकांना तो बदलणं काही अवघड नव्हतं. पण गरजच पडली नाही. गाडी वळली की बाजूच्या सीटवरून काकू म्हणत, "अहो, वळलो." काका इंडिकेटर बंद करत. माहेरच्या गोष्टी सांगताना, भांडताना, एकदा तर झोपेतसुद्धा त्यांनी हे सांगितलं होतं. त्या गेल्यावर निदान ती टिकटिक तरी आठवण करून देत होती. आता तीही गेली.

फ्यूजच्या गॅरेजमधून निघून काका शाळेपाशी उजवीकडे वळले आणि बाजाराच्या रस्त्याला लागले. उजवा दिवा तसाच चालू राहिला. काकांचा वेग वीस. मागच्या रिक्षावाल्याने पाहिलं, म्हातारा उजवीकडे वळणार, तेव्हा ओव्हरटेक नको. त्याच्या मागे ड्रायव्हिंग स्कूलची गाडी होती. "पुढचे वळतायत, घाई करू नका," शिकवणारा म्हणाला आणि शिकणाऱ्या बाईंनी जन्मभर घाई न करण्याची शपथ घेतल्यासारखा ब्रेक धरला. मग पावाची तीच व्हॅन आली. मग दोन ट्रक, एक बस, आणि त्यामागे किती वाहनं होती ते मोजायला कुणाला वेळ नव्हता. आता दिवे इतके लख्ख होते की पार मागच्या ट्रकलासुद्धा दिसत होतं, पुढे कुणीतरी नक्की वळणार आहे. उजवीकडे एकेक गल्ली येत होती, सगळे श्वास रोखून धरत होते, आणि काका सरळ जात होते.

सुरुवातीला हॉर्न वाजले. पण रांग एवढी लांबली की शेवटच्या काही गाड्यांना ही अंत्ययात्रा वाटली. त्यांनी हॉर्न बंद केले, एकाने रेडिओही बंद केला. काकांनी आरशात पाहिलं तर मागे नजर पोचेपर्यंत गाड्याच गाड्या, आणि सगळ्या गप्प. हे काय चाललंय ते काकांना कळेना. काकूंच्या वेळी मागे चारच गाड्या होत्या, एवढं मात्र त्यांना आठवलं आणि समोरचा रस्ता धूसर झाला. त्यांनी वेग आणखी कमी केला.

पुलाच्या अलीकडे ट्रॅफिक पोलिसाने हात केला.

"काका, वळायचंय कुठे?"

"वळून झालं."

"कधी?"

"मघाशी. शाळेपाशी."

शाळा तीन किलोमीटर मागे होती. पोलिसाने मागच्या रांगेकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं, रिकाम्या सीटकडे पाहिलं. "घरचं कुणी आहे का? फोन लावा," तो जरा हळू आवाजात म्हणाला.

मुलगी शाळेतून रिक्षाने आली. तिने किल्ली मागून घेतली. ती ओरडली नाही, आणि हे काही चांगलं लक्षण नव्हतं. "रविवारी मी स्वतः चालवून बघणार," ती म्हणाली. "मग गाडीचं काय करायचं ते मी ठरवणार."

शनिवारी काका चालत फ्यूजकडे गेले. "मला माझा जुना रिले परत दे. आवाज हवाय. पण सावकाश हवाय."

"अहो, गिऱ्हाईकं आवाज घालवायला येतात माझ्याकडे!" फ्यूज उडण्याच्या बेतात होता, पण काकांच्या चेहऱ्याकडे पाहून तो कपाटाकडे वळला. येताना त्याच्या हातात बोटाएवढा सोनेरी तुकडा होता. "हा रेझिस्टर. दिव्याच्या जोडीला बसवायचा. जुना बल्ब खायचा तेवढा करंट हा खात राहणार."

"आणि देणार काय?"

"काही नाही. उजेड नाही, काही नाही. नुसता गरम होतो. पण रिलेला वाटत राहतं, जुना बल्ब अजून जागेवर आहे. मग तो पहिल्यासारखा चालतो."

काकांनी तो तुकडा तळहातावर घेतला. "असला एक मलापण बसव रे," ते म्हणाले.

फ्यूज हसला. मग त्याला कळलं की हसायला नको होतं, आणि तो घाईघाईने म्हणाला, "काका, इंडिकेटर आपोआप बंद होण्याचंही करून टाकू? चिमूटभर तुकडा बदलायचाय."

"ते राहू दे."

संध्याकाळी फ्यूजने घरी येऊन, मुलीकडून किल्ली मागून घेऊन, जुना रिले आणि रेझिस्टर बसवले. रविवारी मुलगी स्टिअरिंगवर बसली. काकांना दुसऱ्या सीटवर बसावं लागलं. इतक्या वर्षांत ते त्या सीटवर एकदाही बसले नव्हते. सीट त्यांना आखूड झाली, गुडघे वर आले. त्यांनी इंडिकेटरचा हिरवा दिवा शोधायला डॅशबोर्डकडे पाहिलं, तर तो स्टिअरिंगच्या आड. मान ताणून, वाकून, कसाही दिसेना. मग काकूंना कळायचं कसं? आवाजावरून? पण शेवटची सहा वर्षं त्यांना दाराची बेलसुद्धा ऐकू येत नव्हती. कानातलं यंत्र कपाटातच पडून असायचं. दिवा दिसत नव्हता, टिकटिक ऐकू येत नव्हती. म्हणजे ती बाई माहेरच्या गोष्टी सांगत, भांडत, प्रत्येक रस्त्याच्या प्रत्येक वळणावर लक्ष ठेवून होती. काकांना एकदम रडू फुटलं. त्यांनी तोंड खिडकीकडे केलं.

मुलगी शाळेपाशी उजवीकडे वळली. टिक, टिक, टिक, मिनिटाला ऐंशी. तिच्या स्वतःच्या गाडीत दिवा आपोआप बंद होत असे, त्यामुळे तिच्या लक्षातच आलं नाही. मागे एका रिक्षाने वेग कमी केला.

काकांनी तोंड खिडकीकडून आत वळवलं.

"अगं, वळलो," ते म्हणाले.

मुलीचा हात स्टिअरिंगवर तसाच थांबला. तिने काकांकडे पाहिलं नाही. दिवा बंद केला, नाक ओढलं आणि शाळेत वापरायचा आवाज काढून म्हणाली, "दिवे बरे दिसतायत."

पुढच्या चौकातून घर सरळ समोर होतं. मुलीने डावा दिवा लावला, वळली आणि तो तसाच चालू ठेवला.