राक्षसांच्या काडेपेट्या

आमचे शेजारी वासुदेवकाका रोज दुपारी जेवण झालं की लढाईवर जातात. म्हणजे ओसरीवरच्या बाजेवर आडवे होतात. डोळा लागला की किल्ला, राक्षस, धूळ, सगळं काल थांबलं होतं तिथून पुढे सुरू. चार वाजता सून चहा घेऊन येते आणि लढाई तहकूब होते.

दोन वर्षं हे एकच स्वप्न हप्त्याहप्त्याने चाललं आहे. दर्यापुरात स्वप्नं सगळ्यांनाच पडतात, पण माणूस स्वप्नात निदान राजा तरी होतो. काका तिथेही फाटकावरचे शिपाईच. मी एकदा म्हटलं, स्वप्न तुमचं, तलवार तरी मोठी घ्या. तर म्हणाले, "ज्याचं काम त्यानं करावं, बाबू."

त्यांचं काम म्हणजे जिनिंग कारखान्याच्या फाटकावरची चौकीदारी. उभा जन्म त्यात गेला. आत कापसाच्या गंज्या, एक ठिणगी पडली की होत्याचं नव्हतं. म्हणून आत जाणाऱ्याची काडेपेटी काढून घ्यायची आणि संध्याकाळी ज्याची त्याला परत द्यायची. मालकाच्या जावयालाही त्यांनी खिसे उलटे करायला लावले होते. ही सवय स्वप्नातही सुटलेली नाही. तोंडातून जाळ काढणारा ताडाएवढा राक्षस आला, तरी काका आधी काडेपेटी मागतात. राक्षस गोंधळून कंबर चाचपतो, तेवढ्यात सेनापती मागून येऊन त्याला आडवा करतो. युद्ध आपण जिंकतोय ते यामुळेच, असं काकांचं ठाम मत आहे. ऐकता ऐकता मलाही पेंग येते आणि बाहेरच्या पांढऱ्या उन्हात कापूस उडाल्यासारखा वाटतो. माझी बायको हसते, पण चार वाजून गेले की तीच विचारते, आज किती पडले?

मागच्या आठवड्यात काका तीनलाच उठून माझ्याकडे आले. चेहरा उतरलेला. मी शाळेत कारकून, त्यामुळे गल्लीतले अर्ज मीच लिहितो.

"एक अर्ज लिहून दे. सेनापतीनं मले बढती देली. आघाडीवर जा म्हनते. मले नाई जायचं."

हसू दाबून मी कारण विचारलं.

 काकांनी खिशातून एक काडेपेटी काढली. चित्र पुसलेलं, कोपरे मऊ झालेले. शेवंताकाकू त्याच जिनिंगमध्ये कापूस निवडायला होत्या. सकाळी पदराची गाठ सोडून पेटी नवऱ्याच्या हातावर ठेवायच्या, संध्याकाळी परत घ्यायच्या आणि घरी जाऊन चूल पेटवायच्या. एका दुपारी त्या आतच कोसळल्या. मागच्या फाटकातून दवाखान्यात नेलं, पण परत आल्या नाहीत. पेटी काकांकडेच राहिली.

"तुही काकू किल्ल्याच्या आत आहे, बाबू. रोज आवाज येते तिचा. दिवस बुडाला का निंघनच. पन चारले चहा येते, दिवस काही बुडत नाई. अन् फाटकावर दुसरा कोनी असला तं तिले पेटी कोन देईन?"

 मी कोरा कागद घेतला, माननीय सेनापतीसाहेबांना नमस्कार लिहिला, आणि बढती नाकारण्याच्या कारणापुढे आमचे मास्तर रजेच्या अर्जावर लिहितात तेच लिहिलं: घरगुती. काकांनी सही केली, आपल्या ओसरीवर जाऊन कागद घडी करून उशीखाली ठेवला आणि पुन्हा आडवे झाले.

मी मागोमाग त्यांच्या घरात जाऊन सुनेला सांगितलं, आज चहा दिवस बुडाल्यावर कर.