कोरड्या घराचं गिऱ्हाईक

घर विकणं म्हणजे काय मोठी गोष्ट आहे, असं हिकमतराव महिनाभर सांगत होते. हिकमतराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, शेजाऱ्यांनी ठेवलेलं. बिघडलेली कुठलीही वस्तू त्यांच्या हाती पडली की ती आणखी निराळ्या तऱ्हेने बिघडे, म्हणून.

विकणं भाग होतं. तळमजल्यावरच्या त्या दोन खोल्यांच्या भिंती अशा की खिळा ठोकायला हातोडी लागत नसे, अंगठा पुरे. ती ओल बायकोच्या छातीत जाऊन बसली होती. डॉक्टरांनी गोळ्या लिहिणं सोडून घर बदला एवढंच सांगितलं होतं. तोवर तिला आधार एकाच वस्तूचा: हवेतली ओल ओढून टाकीत साठवणारा डीह्युमिडिफायर. घर बघायला माणसं येणार, त्याच्या आदल्या दिवशी नेमका तोच बंद पडला.

मेकॅनिकने झाकण उघडलं. टाकी भरली की यंत्र थांबवणारा सेन्सर गेला होता. टाकी रिकामी असली तरी ती भरलीच आहे असं धरून बसला होता. नवा मागवायला आठवडा लागणार होता. एवढ्याशा गोष्टीला आठवडा कशाला, हे हिकमतरावांना पटेना.

"सेन्सर काढून टाका. डायरेक्ट जोडा."

"मग ते आपण होऊन थांबायचं नाही, साहेब. टाकीवर तुम्हालाच लक्ष ठेवावं लागेल."

"माझं लक्ष असतंच," हिकमतराव म्हणाले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी यंत्राला टेबलक्लॉथ नेसवला, वर फुलदाणी ठेवली आणि बायकोला बजावलं, माणसं असेपर्यंत खोकायचं नाही. ती बघते म्हणाली. आवाज असा, की जणू कुणी तिला भरलेलं पिंप उचलायला सांगितलंय.

आलं एक तरुण जोडपं आणि सोबत त्यांची मावशी. जोडपं आल्याबरोबर पलंग कुठे ठेवायचा ते ठरवू लागलं. मावशीने मात्र घरघर कसली येतेय ते विचारलं. हिकमतरावांनी फ्रिजची म्हणून सांगितलं. फ्रिज तर आत स्वयंपाकघरात दिसतोय, मावशी म्हणाली. हा दुसरा, हिकमतराव म्हणाले, आणि घाईघाईने खेळत्या हवेबद्दल बोलायला लागले. हवेवर ते इतके रंगले की पाण्याचा विसर पडला. टेबलक्लॉथखालून ते शांतपणे निघालं आणि तरुणाच्या मोज्यांत शिरलं.

"हिच्या हातून तांब्या लवंडला," हिकमतराव म्हणाले.

बायको खोलीच्या दुसऱ्या टोकाला, तोंडावर पदर दाबून बसलेली. तिने खुलासा करायला तोंड उघडलं मात्र, कोंडलेला सगळा खोकला एकदम बाहेर पडला. ती दुमडली, काळीनिळी झाली. जोडपं दाराकडे सरकलं. मावशी तेवढी पुढे झाली. आधी तिने बाईची पाठ चोळली, मग यंत्रापाशी येऊन टेबलक्लॉथ उचलला, आणि वाहणाऱ्या टाकीकडे बराच वेळ पाहत राहिली.

"घर राहू द्या," ती म्हणाली. "आमच्याकडेही हेच दुखणं आहे. हे यंत्र द्याल का? काय घ्याल त्याचे?"

हिकमतरावांनी नाही म्हटलं. ताबडतोब म्हटलं, असं ते अजून सांगतात. त्याच खोलीत, खोकल्याची उबळ ओसरली की बायको म्हणते, ताबडतोब नाही. आधी त्यांचे ओठ हलले होते. हिशेब करताना हलतात तसे.