ढगे काकाजी पेशंट होतात

आमच्या कॉलनीत कोणाच्या घरापुढे ॲम्ब्युलन्स थांबली की ड्रायव्हर खाली उतरायच्या आत ढगे काकाजी इस्त्रीचा शर्ट घालून फाटकात उभे असतात. हातात पिशवी, पिशवीत दोन संत्री. संत्र्यांचा मोसम नसेल तर मोसंबी. समोरच्याशी ओळख असलीच पाहिजे असा त्यांचा काही आग्रह नाही. पेशंट असला म्हणजे झालं.

आम्ही वर्ध्याजवळ देवळीला राहतो, मी इथल्याच कॉलेजात शिकवतो. काकाजी आमच्या शेजारी, मधे कमरेएवढी भिंत. सरकारी खात्यातून बाबू म्हणून रिटायर झालेले, बायको, सुमनकाकू, जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. रिटायर झाल्यावर कोणी देवदर्शनाला जातं, कोणी गच्चीवर कुंड्या लावतं. काकाजी पेशंट पाहायला जातात. गिरडच्या एका ओळखीच्या माणसाच्या चुलत सासऱ्याचा पाय मोडला, तेव्हा बस बदलत तिथवर जाऊन आले. मी विचारलं, एवढ्या उन्हात कशाला गेलात? तर मलाच वेड्यात काढल्यासारखं पाहून म्हणाले, “पेशंट होता ना जी.”

पेशंटजवळ गेल्यावर त्यांची पद्धत ठरलेली आहे. आधी खुर्ची उशाशी ओढायची. मग सलाइनच्या बाटलीकडे जाणकारासारखं पाहून मान हलवायची. मग “घाबराचं नाई, काईच नाई होत,” असं म्हणून एक उदाहरण द्यायचं. हे उदाहरण ऐकायला मात्र काळीज घट्ट लागतं. माझं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं तेव्हा उशाशी बसून म्हणाले, “सर, असंच आमच्या रोहण्याच्या मामाजीचं झालतं. याच बाजूले. एकदम हट्टाकट्टा माणूस होता.”

एवढं बोलले आणि तेवढ्यात चहा आला. काकाजींनी तो बशीत ओतला, फुंकर मारली, प्यायले, मिशी पुसली, बशी खाली ठेवली. तोवर माझ्या बायकोचा, वैशालीचा, चेहरा पांढरा पडला होता.

“मग काकाजी? मामाजीचं काय झालं?”

“कोणाचं? मामाजीचं? मजेत आहेत ना. संत्र्याचा बगिचा पाह्यतात.”

तर अशा या, दुसऱ्यांच्या ऑपरेशनांना अजिबात न घाबरणाऱ्या माणसाची दाढ फुटाणे खाताना तुटली.

त्यांनी ते कोणाला सांगितलंच नाही. आमच्याकडे उन्हाळ्यात तोंडाला दुपट्टा सगळेच बांधतात, पण काकाजी घरात पंख्याखाली बसूनही बांधायला लागले, तेव्हा वैशालीला संशय आला. तिनं भिंतीवरून पाहिलं तर काकाजी मान एका खांद्यावर टाकून चहा पीत होते.

“काकाजी, मान काऊन वाकडी?”

“अवघडली.”

“अन् गाल?”

“तो बी अवघडला.”

लवंग झाली, लवंगेचं तेल झालं, मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या. डाव्या गालाचं पार टेंगूळ झालं, तेव्हा मीच त्यांना गाडीत घालून वर्ध्याला दातांच्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमनी दाढेचा एक्स-रे काढला. दाढेचं वरचं टरफल गेलं होतं, मुळी हाडात अडकून बसली होती. मॅडम म्हणाल्या, “काका, हिरडी थोडी कापून मुळी काढावी लागेल. दोन-तीन टाके येतील. छोटंसं ऑपरेशन आहे.”

‘ऑपरेशन’ हा शब्द ऐकताच काकाजींचा चेहरा आधी उतरला. ते साहजिक होतं. पण मग हळूहळू त्यावर एक रुबाब चढायला लागला. परतीच्या वाटेवर ते गाडीत ताठ बसून होते. एवढी वर्षं लोकांच्या उशाशी बसलेला माणूस, त्याला अखेर स्वतःचं एक ऑपरेशन मिळालं होतं.

घरी आल्याबरोबर त्यांनी कॉलनीभर बातमी दिली. “सोमवारी माहं ऑपरेशन आहे.” समोरचा दचकून विचारी, “कायचं?” काकाजी म्हणत, “दाढेचं.” आणि समोरचा निवांत होऊन म्हणे, “हात्तिच्या, दातच ना!” दूधवाल्यानं तेच म्हटलं, किराणावाल्यानं तेच म्हटलं, पलीकडच्या वानखेडे वहिनींनी तर हसून दार लावून घेतलं. काकाजी प्रत्येकाला समजावत राहिले, “दात नाई, दाढ. हाडातून काढाव लागते. टाके आहेत.” कोणावर काही परिणाम झाला नाही.

रविवारी संध्याकाळी ते भिंतीपाशी आले. इकडचं तिकडचं बोलून झालं आणि मग भिंतीवरचा पोपडा नखानं काढत म्हणाले, “सर, दाढेच्या पेशंटले पाह्याले येतेत का लोक?”

“दाढेसाठी कोण येतं हो, काकाजी?” मी हसलो.

“तेच म्हणतो मी,” ते म्हणाले आणि तेही हसले. पण नंतर त्यांच्या घरातून खुर्च्या सरकवल्याचा आवाज बराच वेळ येत होता.

सोमवारी मी गाडी काढली तर फाटकात काकाजी आणि त्यांच्या शेजारी सामान. सतरंजी, चादर, उशी, थर्मास, तांब्या-पेला आणि वर एक बादली.

“काकाजी, बादली कशाला?”

“भरती व्हाव लागन ना जी. दवाखान्यातल्या बादलीचा काय भरोसा?”

“तिथं ठेवून घेत नाहीत. तासाभरात घरी पाठवतात.”

“ऑपरेशन आहे अन् भरती नाई?” त्यांना हे फसवणुकीसारखं वाटलं. शेवटी सामान डिकीत टाकलं तेव्हाच ते गाडीत बसले.

दवाखान्यात आत गेल्यावर त्यांनी चारी बाजूंनी पाहिलं. “मॅडम, खाट कोठी आहे?”

“खाट नाही काका. या खुर्चीवर बसा.”

“बसून ऑपरेशन?” ते कसेबसे टेकले. मॅडमनी पायानं बटण दाबलं आणि खुर्ची मागे कलायला लागली. काकाजींनी दोन्ही हातांनी मॅडमच्या मदतनीस बाईंचा ॲप्रन धरला. “सर, हे झोपून राह्यली. पाह्यजा, हे खुर्ची झोपून राह्यली!”

मला त्यांच्या शेजारी थांबायची परवानगी मिळाली, कारण मी बाहेर जायला निघालो की पेशंटही उठायला लागत होता. मॅडमनी इंजेक्शन दिलं. ते लागू होईपर्यंत थोडं थांबायचं होतं. काकाजींनी माझं मनगट पकडलं.

“सर, एखादं उदाहरण सांगा.”

“कसलं?”

“असंच. पेशंटले सांगतेत तसं.”

मी आठवून सांगितलं, “आमच्या कॉलेजातल्या एका क्लार्कची अशीच दाढ काढली होती. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशी तो कामावर आला.”

काकाजींनी नाराजीनं डोळे मिटले. त्यांचा अर्धा ओठ बधिर होत चालला होता, तरी ते बोलले. “असं नाई सांगत, सर. मधी थांबाव लागते. तुमी तं सरळ घरीच पोचवलं त्याले.”

“थांबलं की पेशंट घाबरतो ना, काकाजी.”

“घाबरते ना. पण दुसऱ्यासाठी घाबरते. तेवढ्या वेळ सोताचं दुखणं इसरते.”

म्हणजे तो चहाचा कप, ती फुंकर, ती मिशी पुसणं, सगळं ठरवून होतं. मी इतकी वर्षं त्याला वेंधळेपणा समजत आलो होतो.

पुढचं सगळं रीतसर झालं. मशीन घरघरलं, पाणी उडालं, नळी तोंडातली लाळ ओढत राहिली आणि या सगळ्यातून काकाजी मॅडमना काहीतरी सांगायचा प्रयत्न करत राहिले. मॅडम दर थोड्या वेळानं म्हणत, “काका, जीभ आत.” अखेर मुळी निघाली, टाके पडले. मॅडमनी मुळी ट्रेमध्ये ठेवून दाखवली. काकाजींनी ती पाहिली आणि त्यांचा चेहरा पडला. दातांत कापसाचा बोळा धरल्यामुळे बोलता येत नव्हतं, म्हणून त्यांनी दोन बोटांत चिमटीएवढं माप करून माझ्याकडे पाहिलं. एवढीशी वस्तू लोकांना काय दाखवायची, हा त्यांचा प्रश्न मला न बोलताच समजला. तरी मुळी कागदाच्या पुडीत बांधून घेतलीच.

मॅडमनी पथ्य सांगितलं. बोळा तासाभरानं काढायचा. गरम काही नाही. थंड, मऊ खायचं, आइस्क्रीम चालेल. चूळ भरायची नाही. आणि आज जास्त बोलायचं नाही. शेवटच्या पथ्याला काकाजींनी हात जोडले.

दुपारी मी त्यांना घरी सोडलं, सतरंजी आणि बादली आत ठेवली आणि आपल्या घरी येऊन आडवा झालो. पाच वाजता वैशालीनं हलवून उठवलं. ती साडी बदलून तयार होती.

“चला. काकाजीले पाहून येऊ.”

“आत्ताच तर मी त्यांना आणून सोडलं.”

“आणून सोडनं येगळं, पाहाले जानं येगळं,” ती म्हणाली. मी मुकाट्यानं शर्ट घातला. कोपऱ्यावरून आइस्क्रीमचा डबा घेतला.

फाटकाशी पोचलो तर भाजी घेऊन चाललेले दोघं रस्त्यावरूनच ओरडत होते, “काय काकाजी, निघाला का दात?” आतून उत्तर यायच्या आत ते पुढे निघूनही गेले.

आत गेलो. बैठकीत काकाजींनी खाट भिंतीला लावून तिच्यावर धुतलेली चादर घातली होती. उशीला टेकून ते स्वतः बसले होते, अंगात इस्त्रीचा शर्ट. खाटेसमोर ओळीनं प्लॅस्टिकच्या खुर्च्या. त्यातल्या एकीवरही कोणी बसलेलं दिसत नव्हतं. टेबलावर पाण्यानं भरलेले ग्लास झाकून ठेवले होते आणि मधोमध बशीत ती पुडी उघडून ठेवली होती.

आम्हाला पाहून ते उठायला लागले. वैशाली म्हणाली, “उठू नका, तुमी पेशंट आहे,” आणि खुर्ची ओढून उशाशी बसली. मी तिच्या बाजूला बसलो. बशीतली मुळी आम्ही दोघांनी नीट पाहिली. वैशालीनं “बापरे, केवढी!” असंसुद्धा म्हटलं. काकाजींना बरं वाटलं.

आइस्क्रीम वाटीत काढून दिलं. ते खाऊ लागले, पण डाव्या बाजूनं ते ओठावरून खाली ओघळायचं.

“काकाजी, इकडून गळून राह्यलं.”

त्यांनी रुमालानं पुसलं. “मले समजतच नाई त्या बाजूचं,” ते जड जिभेनं म्हणाले. “अजून बधिरच आहे.”

“बोलू नका,” मी म्हटलं. “मॅडमनी सांगितलंय.”

त्यांनी मान डोलावली, दाराकडे पाहिलं. बाहेर कोणाची तरी स्कूटर पुढे निघून गेली. मग ते बोललेच. शब्द तुटक येत होते, काही नीट उमटत नव्हते.

“सुमनचं ऑपरेशन झालतं ना, तवा आमी बदलीवर नवेच होतो. गाव नवं, ओळख ना पाळख. भेटाची येळ चारची राहे. सुमन दुपारपासूनच केस इंचरून, पदर नीट करून बसे. दाराकडे पाहे. बाकी साऱ्या खाटांभोवती माणसंच माणसं. आमच्याकडं मी एकटा. मी म्हणो, येतीन, ऑफिसचे लोक येतीन, बस लेट असन. रोज म्हणो.”

वाटीतलं आइस्क्रीम विरघळत होतं. ती हातातच धरून ते पुढे म्हणाले, “मंग एक दिवस बाजूच्या खाटेवरच्या बाईची बहीण आली. ते बाई झोपली होती, तं हे आमच्याकडं सरकून बसली. सुमनच्या पायावर हात ठेवला अन् इचारलं, कशी आहेस माय? एवढंच. सुमन तिच्यासंग केवढी बोलली! मले बी कधी सांगतलं नाई ते सांगतलं. ते गेल्यावर मले म्हणे, पाहा, आलं ना कोणी.”

ते थांबले. चहा नव्हता, मिशी पुसायची नव्हती, तरी थांबले. या वेळी ‘मग?’ असं आम्ही दोघांनीही विचारलं नाही. सुमनकाकूंचा फोटो समोरच्या भिंतीवर होता.

“म्हून जातो मी,” ते म्हणाले. “मले काय डॉक्टरकी थोडी समजते? कोणी आलं, एवढं दिसलं पायजे पेशंटले.”

त्यांच्या डाव्या डोळ्यातून पाणी निघालं आणि सुजलेल्या गालावरून खाली हनुवटीपर्यंत आलं. त्या बाजूचं त्यांना काही समजत नव्हतं. ते आपले हसऱ्या चेहऱ्यानं आमच्याकडे पाहत होते आणि पाण्याचे ग्लास घ्या म्हणून हातानं खुणावत होते. मी वैशालीकडे पाहिलं. ‘इकडून गळून राह्यलं’ हे तिनंही सांगितलं नाही. मला त्या माणसाची इतकी माया आली की मी उगीच ग्लास उचलून सगळं पाणी पिऊन टाकलं.

सहा वाजून गेले. काकाजींनी घड्याळाकडे पाहिलं, मग रिकाम्या खुर्च्यांकडे, मग आमच्याकडे.

“उद्या बी येजा,” ते म्हणाले. “उद्या मले नीट बोलता येईन.”

आम्ही हो म्हणालो, आणि तिथंच बसून राहिलो.