पुणे दराची निपाणीवर चढाई

श्री. निपाणी शहरी एका मोटारीच्या विम्यावरून जो थोर प्रसंग गुदरला, तो पुढील लेकरांस उमजावा, म्हणोन घडला तैसा लिहिला आहे. पदरचे काही घातले नाही.

राजश्री भरमूआप्पा, निपाणीचे मातबर शेतकरी, यांनी मोटार खरेदीची मसलत मांडिली. कर्नाटकात वाहनाचा आयुष्यभराचा कर महाराष्ट्राहून जड, ऐसे वर्तमान होते. मग चिरंजीव सूरजराव पुण्यात चाकरीस, त्यांचे पत्त्यावर आप्पांनी मोटार घेतली आणि एमएच अक्षरांची पाटी मिरवीत सीमेवरील कोगनोळीचा नाका ओलांडून ती निपाणीत दाखल केली. सीमाभागी मराठी माणसास त्या दोन अक्षरांचे अप्रूप मोठे. आप्पांची छाती फुगली. कारभारीण मालुबाई यांनी मात्र तेव्हाच पुसिले, "गाडी पुण्याची, आन् चाकाला श्याण आमच्या गोठ्याचं?" परंतु फत्तेच्या गडबडीत तो सवाल कोणी मनावर घेतला नाही.

तीन साले उलटली. कन्या रचनाबाई, सांगलीस दिलेल्या, चिकोडीचे इस्पितळी बाळंत होऊन पुत्र झाला, आणि दुसरे दिवशी बाळंतिणीस माहेरी आणावयाचे ठरले, आणि नेमकी त्याच्या आदल्या रात्री मोटारीबरोबर उतरविलेल्या तीन सालांच्या विम्याची मुदत सरत होती. विम्याविना मोटार रस्त्यावर काढणे हा गुन्हा. त्यात सांगलीहून व्याह्यांचा निरोप आला की, अडचण असेल तर आमची गाडी धाडतो. बाळंतीण लेक व्याह्यांच्या गाडीतून माहेरी उतरावी, ऐसी नामुष्की आप्पांच्या घराण्यात कोणी सोसली नव्हती.

मग विम्याचे एजंट नागेंद्रपंत यांस पाचारण झाले. ते स्कूटरवर स्वार होऊन दौडत आले, चहा घेतला आणि हप्त्याची रक्कम सांगितली. ती ऐकताच आप्पा उभे राहिले. कारण शेजारच्या गल्लीत तंतोतंत तैसीच मोटार, तिचा हप्ता कमी.

"व्हय रं नागेंद्रा, गाडी तीच, साल त्येच, रंगबी त्योच. मग माझ्यावरच जुलूम का?"

नागेंद्रपंतांनी अर्ज केला की, विम्याचे भाग दोन. आपल्या गाडीने परक्याचे नुकसान झाले तर भरून द्यावयाचे, त्या भागाचा दर सरकारने देशभर एकच बांधिला आहे. परंतु आपलीच गाडी ठोकली वा चोरीस गेली तर जे मिळावयाचे, त्या भागास मुलूख पाहतात. पुणे, मुंबई, बेंगळूर ऐशी थोर शहरे एका परगण्यात. तेथे दर चढा. बाकी अवघा देश दुसऱ्या परगण्यात. तेथे दर उतरता.

"आरं, पर गाडी हितं गोठ्याम्होरं हुबी असती की!"

"आप्पा, गाडी कुठं निजती ते कंपनी इचारत न्हाय. नोंद कुठली, तेवढंच बघती."

"मग कोल्हापूर कुठल्या परगण्यात?"

"दुसऱ्या."

"आन् बेळगाव?"

"दुसऱ्याच. निपाणी, चिकोडी, कागल, समदी एकात."

हे ऐकोन आप्पा खाली बसले. ज्या गोष्टीसाठी त्यांच्या वडिलांनी मोर्चांत चपला झिजविल्या, ती बेळगाव-कोल्हापूरची एकी विमेवाल्यांनी एका तक्त्यात, कोणास न पुसता, केव्हाच उरकली होती. आणि आप्पांनी आपल्या हाताने आपली मोटार तेवढी त्या एकीबाहेर काढिली होती.

मग आप्पांचा हुकूम सुटला की, आजच्या आज चिकोडीच्या आरटीओचा नंबर लावावा. नागेंद्रपंत बोलिले की, परराज्याची गाडी वर्षाहून अधिक येथे राहिली तर येथला नंबर घ्यावा, ऐसा कायदाच आहे. परंतु त्यास पुण्याची ना-हरकत हवी, येथला कर नव्याने भरणे आहे, मग पुण्याकडे जुना परत मागणे आहे. आज होणे नाही. तेव्हा आप्पांनी दुसरा डाव टाकिला की, परक्याचा भाग तेवढा घ्यावा, आपला सोडावा. त्यावर पडद्याआडून मालुबाईंची तोफ डागली गेली.

"परक्याची गाडी भरून द्याल, आन् आपली फुटली म्हंजे? व्याह्याच्या दारात गाडी मागाया जाशीला?"

डाव मोडला. आप्पांनी पुणे दराने हप्ता भरिला, कुरबूर गिळिली, आणि दुसरे दिवशी मोटार चिकोडीवर चालून गेली. लेक आणि नातू यांस घेऊन ती परतली, आणि मालुबाईंनी दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकिला. आप्पा खुशीत होते. नंबराची गोष्ट आता पुढील साली पाहू म्हणाले. मालुबाईंनी नातवास मांडीवर घेतले आणि फर्मान काढिले ते ऐसे:

"ह्येचा बाप सांगलीचा, आज्जा निपाणीचा, आन् जन्माची नोंद झाली चिकोडीत. लेकरू रडलं का त्यापायी? मग चिकोडीचा नंबर लावला तर तुमची गाडी का वं रडती?"

 सोमवारी आप्पा स्वतः ना-हरकतीच्या मोहिमेवर पुण्यास रवाना झाले. नव्या कराचा आकडा पुढे कळला. तो विम्यात वाचणाऱ्या रकमेहून इतका थोर होता की, आप्पांनी तो घरात उच्चारिला नाही.

लेक बाळासह बापाच्या गाडीतून माहेरी उतरली, सांगलीची गाडी दारास लागली नाही. सबब या संग्रामात फत्ते भरमूआप्पांची झाली, ऐसे लिहिले आहे. ती मालुबाईंच्या नावे लिहावी, ऐसे घरातील बहुतेकांचे म्हणणे पडले. त्यांत खुद्द आप्पाही होते.